कोराउरचा वीकएंड, आणि परदेशात शिकताना डोंगरात कुणाबरोबर जावं

आडवाट

ग्लासगोला मास्टर्ससाठी येऊन वर्ष होत आलं. मूळ गाव सांगली, कॉलेज पुण्यात, त्यामुळे शनिवार-रविवार घरात बसायची सवय नाही. इथे आल्याआल्या पहिला प्रश्न तोच पडला. डोंगर आहेत, पण जायचं कसं आणि कुणाबरोबर? आपल्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच. गुरुवारी रात्री कुणीतरी ‘हायलँड्स?’ एवढंच टाकतो, शुक्रवारी भाड्याची गाडी ठरते, शनिवारी सगळ्यांचं आवरेपर्यंत अकरा वाजतात. ग्लेन्कोला फोटो, फोर्ट विल्यमला चिप्स, रात्री परत. मजा येते, नाही असं नाही. पण त्यात चालणं होत नाही. म्हणून फ्रेशर्स वीकमध्ये युनिव्हर्सिटीच्या हिलवॉकिंग क्लबात नाव घातलं आणि गेल्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांच्याबरोबर कोराउरला जाऊन आलो. यंदा नवीन मुलं येतील, त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय.

कोराउर हे ब्रिटनच्या मुख्य रेल्वेमार्गांवरचं सर्वात उंच स्टेशन, ४०८ मीटरवर. तिथे सार्वजनिक रस्ता जात नाही. रेल्वेने जायचं, नाहीतर चालत. ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून वेस्ट हायलँड लाइनची गाडी निघते आणि शेवटच्या टप्प्यात रॅनोख मूर ओलांडते. मूर म्हणजे नजर जाईल तिथवर दलदल, डबकी आणि पिवळं गवत. ही लाइन १८९४ साली सुरू झाली. बांधताना दलदलीला तळच लागेना, तेव्हा झाडांची मुळं, फांद्या-काटक्या आणि वर हजारो टन माती-राख टाकून गादी केली आणि रूळ त्यावर टाकले. आजही गाडी त्यावरूनच जाते. आम्ही गेलो तेव्हा बाहेर मिट्ट काळोख, त्यामुळे हे सगळं परतताना पाहिलं.

उतरल्यावर गाडीचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत सगळे उगाच तिकडे बघत उभे होते. कसाऱ्याला शेवटच्या लोकलने उतरलेल्यांना ही भावना माहीत आहे, फक्त इथे स्टँडवर जीपवाला ओरडत नाही. लॉख ऑसियनच्या (लॉख म्हणजे तळं) काठावरचं हॉस्टेल तिथून दीडेक किलोमीटरवर. खडीची सपाट वाट, हेडटॉर्च लावून चालत गेलो. मध्येच डोंगरातून आवाज आला. गुरगुरणं, घोगरं हंबरणं आणि ढेकर यांच्या मधलं काहीतरी. एका बाजूने आला की दुसऱ्या बाजूने उत्तर. लाल हरणांचा माजाचा मोसम होता. पुढे रात्रभर नर ओरडत होते. हॉस्टेल छोटंसं आहे, वीसेक खाटा, वीज सूर्य-वाऱ्याची, फोनला रेंज नाही.

शनिवारी बेन ना लाप, ९३५ मीटर. स्कॉटलंडमध्ये तीन हजार फुटांच्या (९१४ मीटर) वरच्या मुख्य शिखरांना मनरो म्हणतात. सर ह्यू मनरो यांनी १८९१ मध्ये यादी छापली, सध्या त्यात २८२ शिखरं आहेत आणि लोक आयुष्यभर ती ‘पूर्ण’ करत असतात. बेन ना लाप त्यातल्या सोप्यांपैकी, कारण निम्मी उंची रेल्वेनेच चढून दिलेली असते. आमची लीडर दुसऱ्या वर्षाला शिकणारी मुलगी, माझ्याहून वयाने बरीच लहान. निघायच्या आधी तिने प्रत्येकाची सॅक उघडायला लावली. जास्तीचा गरम थर, वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट, टोपी, हातमोजे, टॉर्च, शिट्टी, खाणं. एक जण जीन्स घालून आला होता. त्याला क्लबच्या पेटाऱ्यातली पँट दिली, कुणी हसलं नाही. मग एक कागद. कोण कोण, कुठली वाट, किती वाजेपर्यंत परत. त्याची प्रत ग्लासगोत क्लबच्या एकाकडे आदल्या दिवशीच दिलेली होती.

वाट म्हणावी अशी फारशी नाहीच. दगडावर बाण नाहीत, झाडाला चिंधी नाही, मुळात झाडच नाही. हेदरची झुडपं आणि त्याखाली स्पंजसारखी ओली जमीन. पाय कुठे टेकेल आणि कुठे पोटरीपर्यंत जाईल ते रंगावरून ओळखायचं. चकचकीत हिरवं दिसलं की टाळायचं. धारेवर आलो आणि वाऱ्याने अक्षरशः बाजूला ढकललं. तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा ‘ग्रुप शेल्टर’ पाहिलं. नारिंगी नायलॉनचा मोठा घोळदार तुकडा. काठ्या नाहीत, दोऱ्या नाहीत. सगळ्यांनी गोल उभं राहायचं, कापड डोक्यावरून ओढायचं आणि एकदम खाली बसायचं, कड बुडाखाली दाबून. बाहेर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आत दोन मिनिटांत चष्म्यांवर वाफ धरली. आठ जण गुडघ्याला गुडघे लावून. मी सांगलीचं भडंग काढलं. पोलंडच्या मुलाने मूठभर तोंडात टाकलं, क्षणभर गप्प बसला, मग न बोलता परत हात पुढे केला. लसणीचा वास शेल्टरला संध्याकाळपर्यंत होता.

शिखरावर ढग. पाचेक मिनिटं पडदा फाटला तेव्हा पश्चिमेला बेन नेव्हिसची पाठ दिसली, खाली लॉख. एवढंच. परतलो, वाळवणखोलीत बूट टांगले, रात्री सगळ्यांनी मिळून स्वयंपाक. मसूर-गाजराची आमटी माझ्याकडे होती.

रविवारचा बेत वेगळा होता. लॉख ट्रेगच्या कडेने जाऊन आव्हिन रा नदीकाठच्या बोथीत जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीला परत. (बोथी म्हणजे डोंगरातली उघडी, फुकट, माणूस नसलेली झोपडी. मेंढपाळांची किंवा इस्टेटीची जुनी घरं असतात.) रात्रभर पाऊस झाला होता. लॉख ट्रेग हे धरण आहे. त्याचं पाणी बोगद्यातून बेन नेव्हिसच्या पोटाखालून फोर्ट विल्यमच्या ॲल्युमिनियम कारखान्याच्या विजेसाठी जातं, १९२९ पासून. काठाला उघड्या मातीचा पट्टा दिसतो, उन्हाळ्यातल्या आपल्या धरणांसारखा. तिथून नदीच्या वर गेलो. बोथी पलीकडच्या तीरावर दिसत होती, आणि ओलांडायचे दगड पाण्याखाली. एकाने म्हटलं, हात धरून साखळी करू. माझ्याही मनात आलं, पावसाळ्यात भीमाशंकरच्या वाटांवर आपण याहून जास्त पाणी पार केलंय. लीडर काठावर उभी राहून एका दगडाकडे बघत होती. दहा मिनिटांनी म्हणाली, मघाशी त्याचं टोक दिसत होतं, आता नाही. आणि सॅक पाठीला लावली. वाद नाही, मतदान नाही. काठावर पावसातच सँडविच खाल्ली आणि मागे फिरलो.

माझं मत: सह्याद्री कितीही फिरला असाल, तरी इथे पहिलं वर्ष क्लबबरोबर जा. तुमचं काय मत? कोण कुठे शिकतंय, कुणाबरोबर जाता?

सातारी_कंदी

वाचनखूण साठवली. हरणाच्या ओरडण्याचं वर्णन फक्कड. प्रकाशचित्रं कुठायत?

आडवाट

@सातारी_कंदी, शिखरावरचे सगळे फोटो पांढरे आहेत. कुठल्याही भिंतीचा काढलात तरी चालेल.

कोमट_चहा

मँचेस्टरहून. लेख आवडला, पण निष्कर्षाशी असहमत. मी पहिल्या टर्मला इथल्या एका क्लबबरोबर गेलो होतो. चालण्याचा वेग असा, की मागे राहणाऱ्याकडे कुणी बघेना. संध्याकाळी सगळे पबमध्ये, विनोद सगळे त्यांच्या शाळेतले आणि टीव्हीवरचे. मी कोपऱ्यात लिंबूपाणी घेऊन दोन तास बसलो. दुसऱ्या वेळी आम्ही सगळी आपली पोरं मिळून स्नोडनला गेलो. (आता पार्कवाले ‘अर विद्वा’ हेच वेल्श नाव वापरतात, १०८५ मीटर.) लॅनबेरिसच्या बाजूची वाट रुंद, सरळ, शेजारून वाफेची गाडीसुद्धा वर जाते. वर भेळ केली, खाली येताना गाणी. डोंगरात सोबतीला बोलता येईल असं माणूस हवं की नको?

आणि ‘वाद नाही, मतदान नाही’ याचं कौतुक कशाला? वीस वर्षांच्या मुलीने ठरवलं आणि सगळ्यांनी ऐकलं. तिचं चुकलं असतं तर?

आडवाट

चुकलं असतं तर आम्ही एका बोथीला मुकलो असतो. बस.

वेगाचं तुझं खरं आहे, सगळे क्लब सारखे नसतात. आमच्याकडे दर रविवारी तीन गट निघतात, सोपा, मधला, लांबचा. सोप्या गटात सगळ्यात मागे एक अनुभवी माणूस ठेवतात. जिथे असं नाही तिथे नको जाऊस. पबबद्दल म्हणशील तर मीही पीत नाही, कुणी विचारलंही नाही. शाकाहारी हॅगिस खाऊन बघ, ओट, मसूर आणि राजम्याचं असतं. जरा तिखट घाल, चालून जातं.

निरांजन

मी आई म्हणून विचारते. मुलगी सप्टेंबरमध्ये एडिंबराला जाणार आहे. तिने आत्तापासूनच ‘आई, तिथे डोंगर आहेत’ सुरू केलंय. कळसूबाई, राजगड, हरिश्चंद्रगड झालंय तिचं. माझे दोन प्रश्न. बूट पुण्यातून न्यावे का? आणि देव न करो, पण काही झालं तर सोडवायला येतात ते किती पैसे घेतात? हेलिकॉप्टर म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

दगडफूल

निरांजनताई, काळजी रास्त आहे, पण पैशाची नको. ब्रिटनमध्ये माउंटन रेस्क्यू फुकट आहे. स्वयंसेवक असतात, रात्री-अपरात्री नोकरीधंदा सांभाळून येतात. ९९९ लावायचा, ‘पोलिस’ म्हणायचं आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’. रेंज कमी असेल तर ९९९ ला एसएमएस करता येतो, पण त्यासाठी नंबर आधी नोंदवावा लागतो. ‘रजिस्टर’ असा मेसेज ९९९ ला पाठवायचा आणि उत्तरात येईल तसं करायचं. विमानतळावरून खोलीवर पोचल्यावर लेकीला हे पहिलं करायला सांगा. शिट्टीची खूण मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा.

मी इन्व्हर्नेसच्या बाजूला बरीच वर्षं काढली. आपल्याकडून येणाऱ्या पोरांना एकच गोष्ट पटवायला वेळ लागतो. कळसूबाई १६४६ मीटर, बेन नेव्हिस १३४५. म्हणून ती म्हणतात, हे तर टेकाड. पण बेन नेव्हिसचा चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो, कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावासारखा उंचावरून नव्हे. आणि खरा फरक उंचीचा नाहीच, ओलेपणाचा आहे. सह्याद्रीत भिजलात तर अंगावर वाळतं. जुलैत हरिश्चंद्रगडावर थंडी वाजते, पण गुहेत बसलं, चहा झाला, की निवळते. इथे ऑक्टोबरात धारेवर तीन अंश आणि ताशी ५० किलोमीटर वारा असेल, तर अंगाला ते उणे चारच्या आसपास वाटतं. त्यात सुती टी-शर्ट भिजलेला. माणूस आधी कुडकुडतो, मग अडखळतो, मग चिडचिड करतो, बटण लावता येत नाही. कुडकुडणं थांबलं की लोकांना वाटतं बरं वाटतंय. ते सर्वात वाईट लक्षण.

ती लीडर दगडाकडे बघत होती ना, त्याला म्हणतात शिकलेलं माणूस. नदी चढतेय की उतरतेय, हे एवढंच बघायचं असतं. इथल्या ओढ्यांचं पाणी पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतंही, म्हणून थांबणं किंवा मागे फिरणं यात गमावण्यासारखं फारसं नसतं. हात धरून साखळीची कल्पना आपल्याकडच्या कोमट पाण्यात ठीक. इथलं पाणी अंगावर आलं की पहिल्याच मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही, पोहणाऱ्याचाही नाही. एप्रिल २०२४ मध्ये पर्थशरमध्ये लिन ऑफ टमेलला डंडीत शिकणारे दोन भारतीय विद्यार्थी पाण्यात पडून गेले. मित्रांबरोबर सहज फिरायला आले होते. ती जागा मी पाहिलेली आहे. वरून बघाल तर कुणालाही दगडावर उतरून फोटो काढावासा वाटेल.

इझारकाठ

म्युनिक. निरांजनताई, पैशाबद्दल दगडफूल म्हणतात ते ब्रिटनपुरतं. आल्प्समध्ये चित्र वेगळं. जखमी नसताना हेलिकॉप्टर बोलावलं तर बिल आपल्या नावावर येतं, आणि नेहमीचा आरोग्य विमा ते देईलच असं नाही. म्हणून इथे शिकणारे बहुतेक जण जर्मन अल्पाइन क्लबचं (डीएव्ही) सदस्यत्व घेतात. त्यात डोंगरातून सोडवण्याचा खर्च २५,००० युरोपर्यंत धरलेला असतो, शिवाय क्लबच्या झोपड्यांमध्ये मुक्काम स्वस्त पडतो. मी पहिल्याच महिन्यात घेतलं, बँक खातं उघडलं त्याच आठवड्यात.

इथली मजा म्हणजे ‘ह्युट्टे’, झोपडी म्हणतात पण दुमजली घरं असतात. लाकडी फळीवर ओळीने गाद्या, रात्री दहाला दिवे बंद, सदस्यांसाठी स्वस्तातलं साधं जेवण. शाकाहारी माणसाचं सूप-पाव आणि चीजच्या नूडल्सवर निभतं. रोख पैसे ठेवा, वर कार्ड चालेलच असं नाही. वाटांना रंग असतात. निळी सोपी, लाल मध्यम, काळी म्हणजे पाय घसरला तर संपलं. माझ्या लॅबमधल्या आपल्याच एकाने काळी वाट बघून ‘सांधण केलंय रे’ म्हटलं होतं. त्याला मी निळीवरच नेलं, आणि खाली आल्यावर त्याचे गुडघे बोलत होते.

कुणाबरोबर जावं याबद्दल म्हणाल तर युनिव्हर्सिटीचा खेळविभाग (म्युनिकला झेडएचएस) डोंगराचे कोर्स घेतो. बायर्न-तिकिटावर (बव्हेरियातलं दिवसभराचं रेल्वेतिकीट) पाच जण एकत्र जातात, त्यामुळे पाचवा माणूस शोधायला लोक अनोळखी माणसालाही विचारतात. माझ्या निम्म्या ओळखी अशा तिकिटावर झाल्या.

कोमट_चहा

@दगडफूल, ठीक, पाण्याचं पटलं. मग बोथीचा प्रश्न. आमची दहा जणांची टोळी आहे, दिवाळीच्या आसपास एखाद्या बोथीत मुक्काम करायचा विचार चाललाय. फुकट आहे, शेकोटी करता येते, फराळ नेऊ, थोडे आकाशकंदील. यात तरी काही चूक नाही ना? :)

दगडफूल

आहे. बोथी सांभाळणारी संस्था १९६५ पासून स्वयंसेवकांच्या जिवावर चालते, आणि तिचे नियम मोजके आहेत. त्यातला एक असा, की सहा किंवा जास्त जणांच्या गटाने मालकाच्या परवानगीशिवाय बोथी वापरू नये, शेजारी तंबूही ठोकू नये. कारण सरळ आहे. रात्री नऊ वाजता पावसात भिजून एकटा कुणी आला, तर त्याला पाठ टेकायला जागा हवी. दहा जण आणि फराळाचे डबे असतील तर तो कुठे जाईल? शिवाय संडास नसतो. फावडं असतं, ते घेऊन पाण्यापासून लांब जायचं. दहा जणांचं हे गणित सकाळी मांडून बघ.

जळणही तिथे मिळेल असं धरू नकोस, झाडं तोडायची नाहीत. आणि आकाशात सोडायचे कागदी कंदील मुळीच नकोत, हेदर पेट घेतो. टांगायचा असेल तर बॅटरीचा दिवा आत ठेव.

कोमट_चहा

टांगायचाच हो काका, आपला षटकोनी. सोडायचा नाही.

पण खरं सांगू, मग आमच्यासारख्या दहा जणांनी जायचं कुठे?

आडवाट

हॉस्टेल. दहा जणांची आख्खी खोली आधी बुक करा. नाहीतर तंबू. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन कायद्याने रानात तंबू टाकायचा हक्क आहे, लहान गट, एका जागी दोन-तीन रात्री, मागे काही ठेवायचं नाही. लॉख लोमंडच्या काठच्या काही भागांत मात्र मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. इंग्लंड-वेल्समध्ये असा सरसकट हक्क नाही. डार्टमूरचा अपवाद आहे, तोही २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला तेव्हा टिकला.

पण दिवाळीला तंबू नको. त्या सुमारास इथे घड्याळं मागे जातात आणि पाचच्या आत अंधार. डिसेंबरात तर उजेड जेमतेम सात तास.

निळी_छत्री

वाचतेय. डनिडन, न्यूझीलंड. इथे १९व्या शतकात नद्या ओलांडताना इतके लोक बुडाले, की बुडून मरण्याला ‘न्यूझीलंडचं मरण’ म्हणायचे. आजही इथल्या ट्रॅम्पिंग (म्हणजे ट्रेकिंग) क्लबात पहिला धडा नदीचा असतो, नकाशाचा नंतर. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे कधी सोडायचे, कुठे थांबायचं, कुठे मुक्काम वाढवायचा. म्हणून खाणं एका दिवसाचं जास्त नेतात. सरकारी झोपड्या हजाराच्या आसपास आहेत, तिकीट आधी घ्यायचं. रेंज नसतेच, त्यामुळे क्लब लोकेटर बीकन (संकटात आपली जागा कळवणारं यंत्र) भाड्याने देतो.

कोमट_चहाचा मुद्दा मात्र मला कळतो. पहिल्या ट्रिपला मीही गप्पगप्प होते. दुसऱ्या ट्रिपला गॅसवर पोहे केले. लिंबू नव्हतं, कोथिंबीर नव्हती, शेंगदाणे भरपूर. तिथून पुढे प्रत्येक ट्रिपला ‘ते पिवळं’ कधी करणार म्हणून विचारतात. आपण गटात मिसळायचं म्हणजे त्यांच्यासारखं व्हायचं असं काही नसतं. काहीतरी करून दाखवलं की माणसं आपणहून सरकून जागा देतात.

सातारी_कंदी

अवांतर: भडंग, पोहे. पुढच्या वेळी कुणी पिठलं करा रे डोंगरात, मी तिकीट काढतो.

इझारकाठ

केलंय. बेसन, तिखट-मीठ-हळद घरून मिसळून न्यायचं, वर नुसतं पाणी. जर्मन काळ्या पावाबरोबर बरं लागतं, भाकरीची सर नाही.

निरांजन

सगळ्यांचे आभार. मुलीला धागा वाचायला दिला. तिने भडंगापर्यंत वाचलं आणि ‘बघ, मजा येते’ म्हणाली, मग मी दगडफूल यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. आता ती हवामान कुठे बघायचं ते विचारतेय. आणि बुटांचं राहिलंच. ती एकवीस वर्षांची आहे, प्रवासखर्च किती येईल याचाही अंदाज द्या.

आडवाट

काकू, एकवीस म्हणजे चांगलंच झालं. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या बावीस वर्षांखालच्या सगळ्यांना बस फुकट आहे, जानेवारी २०२२ पासून. परदेशी विद्यार्थ्यांनाही. गेल्यागेल्या कार्डासाठी अर्ज करायला सांगा. ग्लेन्को, फोर्ट विल्यमच्या लांबच्या बसही त्यात येतात. रेल्वेला १६-२५ रेलकार्ड, एक तृतीयांश सूट. मी बावीस ओलांडून आलो, त्यामुळे बसचं तिकीट काढताना दर वेळी जळफळाट होतो.

हवामानासाठी ‘एमडब्ल्यूआयएस’ बघायचं, माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस. शहराचं हवामान बघून डोंगरात जाऊ नये. त्यात वारा चालण्यावर काय परिणाम करेल आणि शिखरं ढगाबाहेर असण्याची शक्यता किती टक्के, हे रोज देतात. आमच्या शनिवारी ती २० टक्के होती, आणि पाच मिनिटं दिसलं, म्हणजे हिशेब बरोबर. वाटांची माहिती ‘वॉकहायलँड्स’वर.

दगडफूल

बुटांचं मी सांगतो. पुण्यात चांगले मिळत असतील तर तिथेच घ्या, पण जाण्याआधी महिनाभर तिने ते घालून सिंहगड चढला-उतरला पाहिजे. नवे बूट घालून थेट डोंगरात गेलं की फोड ठरलेले. घोट्यापर्यंतचे, वॉटरप्रूफ, जाड मोज्यांसकट मापाचे. जॅकेट-पँट मात्र तिकडे गेल्यावर घ्या, आणि पहिली ट्रिप क्लबचं सामान वापरून करू दे. बर्फातली कुऱ्हाड, क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते) वगैरे क्लबकडे असतं. ते चालवायला शिकल्याशिवाय हिवाळ्यात वर जायचं नाही, एवढा शब्द घ्या तिच्याकडून. नोव्हेंबर १९७१ मध्ये केर्नगॉर्मच्या पठारावर एडिंबराच्या एका शाळेची पाच मुलं आणि त्यांच्याबरोबरची अठरा वर्षांची शिकाऊ मार्गदर्शक वादळात गेली. तिथली बाहेर नेण्याची सगळी पद्धत त्यानंतर बदलली. आज लीडर सॅका उघडायला लावते, घरी कागद ठेवून जाते, ते त्या काळानंतर अंगवळणी पडलेलं आहे.

वेळेचा अंदाज करायला एक जुना हिशेब आहे, नेस्मिथचा, १८९२ चा. पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. बेन ना लाप जाऊन-येऊन दहाएक किलोमीटर, चढ सव्वापाचशे मीटर. म्हणजे तीन तास. दलदल, वारा, थांबणं धरून नवख्यांनी पाच धरावे. आडवाट, तुम्हाला किती लागले?

आडवाट

पाच. त्यातला अर्धा तास भडंगाचा.

कोमट_चहा

आमच्या दहा जणांचं ठरलं. बोथी रद्द, लेक डिस्ट्रिक्टमधलं हॉस्टेल बुक केलं, दोन खोल्या. फराळ तिथल्या स्वयंपाकघरात. शनिवारी हेल्वेलिन, पण स्ट्रायडिंग एजने नाही, ती धार बघूनच पोटात कालवलं. थर्लमिअरच्या बाजूने चढणार. आणि एक प्रश्न आहे, आडवाट. आमच्यातल्या तिघांकडे वॉटरप्रूफ पँट नाही. क्लबचं सामान सदस्य नसलेल्यांना मिळतं का, की मी पुन्हा सदस्य होऊ?

आडवाट

सदस्यांनाच. हो परत. सोपा गट आहे का ते आधी विचार, आणि पँट एक माप मोठी माग, आतून थर्मल जायला हवी.